जोडधंदा कां बुडतो ?

शेतीस जोडधंदा हवा, हें जळगांव व धुळें जिल्ह्यांतील कास्तकार बंधूंस आतां सांगावयास नको. परंतु धंदा बुडाला म्हणजे सारा दोष अपुऱ्या भांडवलाच्या माथीं मारण्यांत येतो. महसूल खात्यांतील नोकरींत गहाणखतें व बोजाच्या नोंदी वर्षानुवर्षें पाहून आमचें मत असें झालें आहे कीं, भांडवलाच्या तुटीपेक्षां तीन खोट्या समजुतीच अधिक घात करितात.

पहिली समजूत, जमीन बाळगणाऱ्यानें तराजू धरणें कमीपणाचें. वाकोद येथील शेतकरी घराण्यांतील कै. भवरलाल जैन यांनीं सरकारी अधिकाऱ्याची जागा न स्वीकारतां १९६३ सालीं घरच्या ७,००० रुपयांच्या शिलकीवर जळगांवांत हातगाडीवरून घासलेट विकण्यास आरंभ केला. पुढील मोठा व्याप त्यांतूनच वाढला.

दुसरी, एकदां धरिलेला माल सोडूं नये. याच गृहस्थांनीं १९७८ मध्यें केळीच्या भुकटीचा जुना कारखाना ३० लाखांस घेतला. पण भुकटीसच चिकटून न राहतां तेथें पपईच्या चिकापासून पपेन काढिलें. गिऱ्हाईक काय मागतें, इकडे त्यांची दृष्टि होती.

तिसरी समजूत सर्वांत घातक: घरचें तें फुकट. समजा, एका बंधूनें केळीच्या वेफर्सचें दुकान घातलें. महिन्याची विक्री ५०,००० रुपये. तेल, जळण, पगार व भाडें मिळून खर्च ३८,०००. उरलेले १२,००० नफा समजून त्यानें घरखर्चास लाविले. परंतु बागेंतील ९,००० रुपयांचीं केळीं व घरच्या माणसांची ७,००० रुपयांची मजुरी त्यानें हिशेबांत धरिलीच नाहीं. केळीं तशींच विकून व मजुरी करून १६,००० मिळते. म्हणजे दरमहा ४,००० व वर्षास ४८,००० रुपयांची तूट! बागेच्या खताचा पैसा असा घरांत जिरतो, पुढील हंगामास कर्ज काढावें लागतें, आणि शेवटीं सातबाऱ्यावर बोजा चढतो.

यास्तव दुकानाची पेटी व वही घराहून निराळी ठेवावी. घरचा माल बाजारभावानें खर्चीं टाकावा, घरच्यांची मजुरी मांडावी, व महिनाअखेर मेळ घालून उरेल तोच नफा समजावा. मेळ सतत तुटीचा येऊं लागल्यास जमीन गहाण पडण्यापूर्वींच माल बदलावा. त्यांत कमीपणा नाहीं.