फोन कुणाला येतो?

नोकरीसाठी अर्ज केला आणि नोकरी मिळाली नाही, तर ती का मिळाली नाही हे अर्जदाराला सहसा कळतच नाही. ‘बायोडेटा ठेवून घेतो, काही असलं तर कळवू,’ असं गोड बोलून त्याची बोळवण होते. वंशभेदाचा अभ्यास करणाऱ्यांची खरी पंचाईत इथेच आहे. मालकाला विचारावं तर तो म्हणणार, आम्ही फक्त काम बघतो. नाकारल्या गेलेल्याला विचारावं तर त्याच्या हाती संशयापलीकडे काही नसतं.

बोलणं आणि वागणं यांचा मेळ नसतो, हे रिचर्ड लापिएर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने फार पूर्वी दाखवलं. 1930 ते 1932 या काळात तो एका तरुण चिनी जोडप्यासोबत अमेरिकेत मोटारीने हिंडला. चिनी माणसांविषयीचा आकस तिथे तेव्हा उघड होता, तरी अडीचशेच्या आसपास हॉटेलं आणि खानावळींपैकी एकाच ठिकाणी त्यांना नकार मिळाला. पुढे त्याने त्याच मालकांना पत्रं पाठवली: चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी 90 टक्क्यांहून अधिक जणांनी ‘नाही’ कळवलं. म्हणजे इथे माणसं बोलण्यापेक्षा वागायला बरी निघाली. सत्तर वर्षांनी मिलवॉकी शहरात नेमकं उलटं दिसलं.

2001 साली विस्कॉन्सिन विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या डेव्हा पेजरने चार तरुण निवडले, दोन गोरे आणि दोन काळे. सगळे 23 वर्षांचे, कॉलेजात शिकणारे, नीट बोलणारे. त्यांच्यासाठी शिक्षण आणि अनुभव जुळेल असे बायोडेटा तयार केले. वेटर, ड्रायव्हर, गोदाम, विक्री अशा साध्या नोकऱ्यांच्या जाहिराती पाहून त्यांना 350 ठिकाणी धाडलं. खुबी पुढे आहे. प्रत्येक जोडीतल्या एकाने अर्जात लिहायचं, की अमली पदार्थांच्या गुन्ह्यात मी 18 महिने तुरुंगात होतो. दर आठवड्याला हा ‘गुन्हेगार’ बदलायचा, म्हणजे एकाचं हसू किंवा दुसऱ्याचा बुजरेपणा निकालात शिरायला नको. मग मोजायचं एवढंच, की कुणाला बोलावणं येतं.

स्वच्छ पाटीच्या गोऱ्याला 34 टक्के ठिकाणांहून बोलावणं आलं, तुरुंग भोगलेल्या गोऱ्याला 17 टक्के. काळ्या मुलांमध्ये तुरुंगवाल्याला 5 टक्के, आणि ज्याच्या नावावर काहीच गुन्हा नव्हता त्याला 14 टक्के. म्हणजे निरपराध काळा मुलगा शिक्षा भोगलेल्या गोऱ्याच्याही मागे पडला. गंमत अशी, की कुणी या मुलांच्या अंगावर ओरडलं नाही, कुणी दार आपटलं नाही. भेदभाव म्हटलं की आपण शिवीगाळ शोधतो, आणि इथे तर सगळा कारभार सौजन्याने चालला होता.

या अभ्यासात एक उणीव होती. गोरी जोडी आणि काळी जोडी वेगवेगळ्या मालकांकडे गेली होती. न्यूयॉर्कच्या पुढच्या अभ्यासात पेजर आणि तिच्या सहकाऱ्यांनी ती भरून काढली: गोरा, लॅटिनो आणि काळा असे तिघे एकाच दारात गेले. क्रम तोच निघाला. वर असंही दिसलं, की वेटर व्हायला आलेल्या काळ्या मुलाला उष्टी ताटं उचलायचं काम सुचवलं जाई, तर गोऱ्याला कधी न मागितलेली वरची जागा देऊ केली जाई. दरम्यान मिलवॉकीच्या मालकांना फोन करून विचारलं होतं, शिक्षा भोगलेल्याला कामावर घ्याल का? निम्म्याहून अधिक ‘हो’ म्हणाले. उमेदवार गोरा की काळा यानेही त्यांच्या तोंडी उत्तरात फरक पडला नाही.

आपल्याकडे हा प्रयोग आडनावांवर झाला. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी 2005 च्या ऑक्टोबरपासून इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना टपालाने अर्ज पाठवले. पात्रता सारखी, नाव कधी उच्चवर्णीय हिंदू, कधी दलित, कधी मुस्लीम. 548 जाहिरातींना 4,808 अर्ज गेले. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाची पुढच्या फेरीची संधी साधारण दोन तृतीयांश निघाली, मुस्लीम नावाची एक तृतीयांश. 2007 साली हे निष्कर्ष छापून आले. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून पाहिलं. सगळ्यांच्या तोंडी गुणवत्ता. आणि मुलाखतीत उमेदवाराला ‘घरची पार्श्वभूमी’ विचारणंही सर्रास. जिथे नुसतं नाव सांगितलं की ‘पूर्ण नाव?’ असा प्रश्न येतो, तिथल्या मराठी वाचकाला याचं नवल वाटू नये.

‘काळानुसार हे कमी होत असेलच’ असं म्हणणाऱ्यांसाठी 2017 साली अमेरिकेतल्या अशा 28 प्रयोगांची एकत्र मांडणी झाली; पेजर त्यातही होती. 1989 पासूनच्या पाव शतकात काळ्या अर्जदारांबाबतचा भेदभाव घटल्याचं दिसलं नाही.

भरतीची जबाबदारी असलेल्या वाचकांना एकच विनंती. आपल्या मनात भेद नाही असं सांगू नका. गेल्या वर्षी कुणाचे किती अर्ज आले आणि त्यांतल्या कुणाला बोलावणं गेलं, एवढं मोजा.