कारण : स्टोव्हचा भडका

आमच्या वॉर्डातल्या रजिस्टरला लाल कापडी पुठ्ठा होता. पेशंटचं नाव, वय, गाव, किती टक्के भाजलं, सोबत कोण आलं आणि अगदी उजव्या कडेला एक अरुंद रकाना : कारण. इतका अरुंद की त्यात दोन-तीन शब्दांपलीकडे काही मावत नसे. एका जिल्ह्याच्या रुग्णालयात मी १९८४ साली स्टाफ नर्स म्हणून लागले आणि १९८६ पासून अकरा वर्षं बायकांच्या जळीत वॉर्डात काढली. त्या रकान्यात 'स्टोव्हचा भडका' हे शब्द मी किती वेळा लिहिले असतील, याची मोजदाद नाही. पुढे पुढे तर सोबतच्या माणसाचं बोलणं संपायच्या आतच माझं पेन तिकडे वळत असे.

जळीत वॉर्ड बाहेरच्या माणसानं सहसा पाहिलेला नसतो. भेटायला आलेले नातेवाईकही दारातूनच परततात. प्रत्येक खाटेवर लोखंडी कमानींचा पिंजरा आणि त्यावर चादर, कारण अंगाला कापडाचा स्पर्श सहन होत नाही. वरून मच्छरदाणी. पांढऱ्या मलमाचा वास वॉर्डभर, आणि त्याखालून येणारा दुसरा वास, जो घरी गेल्यावर अंघोळ करूनही नाकातून जात नसे. टक्के मोजायची रीत सोपी आहे. पूर्ण हात म्हणजे नऊ टक्के, पूर्ण पाय म्हणजे अठरा. पेशंटचा स्वतःचा तळहात बोटांसकट धरला तर एक टक्का. बेरीज पन्नासच्या पुढे गेली की आम्ही सिस्टर एकमेकींकडे बघायचं टाळत असू. पेशंट मात्र पहिल्या दिवशी चांगली बोलत असते. खोल भाजलेल्या जागी वेदनेच्या नसाच जळून गेलेल्या असतात, म्हणून दुखत कमी असतं. 'बरं वाटतंय की हो तिला,' असं नातेवाईक आनंदानं सांगत, तेव्हा काय उत्तर द्यावं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्याच रुग्णालयात पावसाळ्यात गॅस्ट्रोचे पेशंट येत. एका गावातून चार-पाच आले की लगेच फोन होत. आरोग्य खात्याची जीप त्या गावात जाई, विहिरीचं पाणी तपासलं जाई, विहिरीत टीसीएल पावडर पडे, पाइपलाइन कुठे फुटलीय ते शोधलं जाई. पेशंट वॉर्डात बरा होत असताना त्याच्या गावात दुसरा कोणी आजारी पडू नये, याची तजवीज चाललेली असे. जळिताच्या वॉर्डात एकाच तालुक्यातून एका महिन्यात सहा बायका आल्या, तरी जीप कुठेही गेली नाही. तो स्टोव्ह कसला होता, ओट्यावर होता की जमिनीवर, त्यात रॉकेल केव्हा भरलं, हे बघायला कोणीही त्या घरी गेलं नाही. स्टोव्ह हा त्या बाईच्या नशिबाचा भाग समजला जाई. विहीर मात्र सरकारी खात्याच्या अखत्यारीत येत होती.

आणि बघायला गेलं असतं तर दिसण्यासारखं पुष्कळ होतं. पंपाचा स्टोव्ह ज्यांनी वापरलाय त्यांना आठवेल. निपलमध्ये कचरा अडकला की पिन मारायची, ज्योत नीट लागेना की आणखी पंप मारायचा. टाकीत हवेचा दाब वाढत जातो आणि वायसर झिजलेलं असलं तर रॉकेलचा फवारा भलतीकडूनच उडतो. वातीच्या स्टोव्हची गत वेगळी. वाती आखूड झाल्या, सैल झाल्या की टाकीतली वाफ वर येते. स्वयंपाक अर्ध्यात असताना रॉकेल संपलं तर गरम स्टोव्हमध्येच नवं ओतायचं, कारण भात अर्धा कच्चा आणि मुलं भुकेली. त्यात स्टोव्ह जमिनीवर, बाई उकिडवी बसलेली, पदर पुढे. सुती लुगडं भडकन पेटतं आणि नायलॉनची साडी वितळून कातडीला चिकटते. धुवायला सोपी आणि टिकाऊ म्हणून तीच घरात नेसायला असे. यातलं काहीही बदलायला मोठा डॉक्टर लागत नव्हता. दोन फूट उंच ओटा, वेळेवर बदललेलं वायसर, स्टोव्ह गार होईपर्यंत थांबण्याएवढी सवड, बस.

पण रकान्यातले ते शब्द खरेच असत असंही नाही, हे मी लवकरच शिकले. १९८७ ची गोष्ट असेल. वीस-बावीस वर्षांची मुलगी, पासष्ट टक्के. सोबत सासू आणि दीर. स्टोव्हचा भडका उडाला, असं सासूनं सांगितलं, मुलीनंही सांगितलं. तपासताना दिसत होतं की भाजल्याची सुरुवात डोक्यापासून आहे, केसांना रॉकेलचा वास आहे. जमिनीवरच्या स्टोव्हचा भडका असा डोक्यावरून खाली येत नाही. रात्री दोनच्या सुमारास मी तिला चमच्यानं पाणी पाजत होते. सासू बाहेर बाकावर झोपली होती. मी हळूच विचारलं, 'बाई गं, खरं काय झालं?' ती बराच वेळ वर पंख्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, 'सिस्टर, पोरगा घरी हाय माझा. त्यांच्यापाशीच ऱ्हायचाय त्यो.' दंडाधिकारी जबाब घ्यायला सकाळी आले. तिनं त्यांना स्टोव्हच सांगितला. चौथ्या दिवशी ती गेली. रजिस्टरमध्ये मी स्टोव्हच लिहिलेला होता आणि तो तसाच राहिला. मी डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं होतं. घातलं नाही. नोकरीत नवी होते, हे कारण मी स्वतःला बरीच वर्षं देत आले.

हुंडाबळीचं कलम भारतीय दंडसंहितेत १९८६ सालीच आलं होतं. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाई भाजून मेली आणि मरणापूर्वी हुंड्यासाठी छळ झाल्याचं दिसलं, तर नवरा आणि सासरच्यांकडे बोट दाखवणारं हे कलम. आता नव्या संहितेतही ते आहे. पण कलम लागायचं तर आधी कोणीतरी 'स्टोव्ह' हा शब्द खोडायला हवा ना! २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. भारतात २००१ या एका वर्षात जळून मेलेल्यांची संख्या त्यात १ लाख ६३ हजारांहून अधिक धरली होती. त्यातल्या सुमारे १ लाख ६ हजार स्त्रिया, बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. पोलिसांच्या नोंदीपेक्षा हा आकडा सहापट होता. ते वाचताना मला आमचं लाल रजिस्टर आठवलं. खरोखरच स्टोव्ह भडकला असेल तर त्या शब्दामुळे स्टोव्हची चौकशी टळे, आणि भडकला नसेल तर घराची.

जळणाऱ्या वस्तूकडे नीट बघणारा एक डॉक्टर आपल्या शेजारी, श्रीलंकेत होऊन गेला. शल्यविशारद विजय गोडाकुंबुरा. तिथेही खेड्यात वीज नसलेल्या घरी बाटलीची चिमणी वापरत. औषधाची नाहीतर दारूची रिकामी बाटली, पत्र्याचं बूच, चिंधीची वात. उंच, हलकी, धक्का लागला की आडवी. भाजलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया करता करता या माणसानं १९९० च्या दशकात दिवाच नवा करवून घेतला. बुटका आणि जड, जाड काचेचा. दोन बाजू सपाट, म्हणजे पडला तरी गडगडत नाही. झाकण फिरकीचं, म्हणजे रॉकेल सांडत नाही. असे लाखो दिवे घरोघर गेले. १९९८ साली त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला.

हे वाचून मी माझ्या धाकट्या भावाला फोन केला. तो चार वर्षांचा असताना आमच्या घरची चिमणी त्याच्या हातावर पडली होती. शाईच्या बाटलीचीच चिमणी होती ती. योगायोग असा की आईनं घाबरून त्याच्या भाजलेल्या हातावर शाईच ओतली. तेव्हा तसंच करत. दवाखान्यात डॉक्टर निळा हात धूत बसले, कारण जखम किती खोल आहे ते दिसेना. पुढे वॉर्डात मी स्वतः टूथपेस्ट, गव्हाचं पीठ, तूप, हळद असं काय काय जखमांवरून काढलं आहे. यातल्या कशाचीच गरज नसते. भाजलं की लगेच साधं गार पाणी, वीस मिनिटं, धारेखाली. बर्फ नको. बांगड्या-अंगठ्या सूज यायच्या आत काढायच्या, स्वच्छ कापडानं झाकायचं आणि दवाखाना गाठायचा. आपल्याकडचे डॉक्टर साध्या वस्तूंचा उपयोग करत नाहीत असं नव्हे. मुंबईत डॉ. केसवानींनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्या केल्या आणि डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाच्या. जखमेला न चिकटणारी ती पट्टी मला आमच्या वॉर्डात मिळाली असती तर, असं अनेकदा मनात येतं. पण त्या साली नि पानं निर्जंतुक केलेली असतात. घरी बटाटा किसून लावणं म्हणजे ते नव्हे.

स्टोव्ह गेला. मध्यमवर्गाच्या घरातून आधी गेला, मग हळूहळू इतरांच्या. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि खेड्यापाड्यांत सिलिंडर पोहोचले. मी २०२० मध्ये निवृत्त होईपर्यंत भडक्याच्या केसेस आमच्याकडे खूपच कमी झाल्या होत्या. ओटे आले, गॅस आला, बायका उभ्यानं स्वयंपाक करू लागल्या. भाजण्याचा विचार करून हे कोणी केलं नव्हतं, सोयीपोटी झालं, पण झालं. आता येतात ती गरम पाण्याच्या बादलीत पडलेली मुलं, आणि गॅसची गळती. गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठतो, म्हणून शेगडी सिलिंडरपेक्षा उंच हवी. वास आला तर दिव्याचं बटण चालू नाही करायचं आणि बंदही नाही करायचं. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या आणि घराबाहेर येऊन १९०६ ला फोन.

गेल्या महिन्यात भाचीकडे गेले होते. चकचकीत स्वयंपाकघर, चार बर्नरची शेगडी. सवयीनं मी ओट्याखाली वाकले. 'मावशी आली की तपासणी आलीच,' जावई हसत म्हणाले. गॅसच्या नारिंगी नळीवर तारीख छापलेली असते, आणि नळी पाच वर्षांनी बदलायची असते. भाचीकडची नळी नऊ वर्षांची होती. एजन्सीला फोन केला. दोन दिवसांनी माणूस आला, नवी नळी लावली, पावती दिली. जुनी मी मागून घेतली आणि गॅलरीत उजेडात धरून वाकवली. रेग्युलेटरजवळच्या टोकाला बारीक बारीक भेगा पडल्या होत्या.