ओळीच्या मधोमध टीप

मंडळी, कवितेची वही तपासताना आपण समासात बारीक अक्षरांत लिहून ठेवतो, ‘हा शब्द बदलावा का?’ कविता म्हणताना मात्र ती टीप कोणी म्हणत नाही. माणसाला हे सांगावे लागत नाही. संगणकाला सांगावे लागते.

एक्सएमएल ही मजकुराला खुणा करून तो लिहून ठेवण्याची पद्धत. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने तिचे नियम १९९८ साली प्रसिद्ध केले. खुणांची नावे देवनागरीतही चालतात. समजा, ‘कविता’ या खुणेच्या पोटात ‘ओळ’ ही खूण आहे आणि तिच्या पोटात शब्द आहेत : ‘पाऊस आला, अंगण भिजले’. हे वाचताना संगणक एक झाड उभे करतो. कविता हे खोड, ओळ ही फांदी आणि मजकूर हे पान. पानाला पुढे फांदी फुटत नाही. टीप हेही पानच, पण वेगळ्या जातीचे. ती मजकुरात धरत नाहीत.

खरी मेख पुढे आहे. ‘पाऊस आला’नंतर टीप घातली, की फांदीवर तीन पाने येतात : मजकूर, टीप आणि पुन्हा मजकूर. पहिलेच पान तोडून ‘झाली ओळ’ म्हणणाऱ्या प्रोग्रॅमला अंगण भिजल्याचा पत्ताच लागत नाही.

हे कवीचे दुखणे, असे तुम्ही म्हणाल. पण एकदाच ओळख पटवून अनेक संकेतस्थळांवर प्रवेश देणारी ‘सॅमल’ नावाची व्यवस्था आहे. तिच्यातले ओळखपत्र एक्सएमएलमध्येच लिहिलेले असते. काही प्रोग्रॅम त्यातल्या नावाचे पहिलेच पान वाचतात, असे संशोधकांनी फेब्रुवारी २०१८मध्ये दाखवून दिले. म्हणजे ‘नूरजहाँ’ या नावात ‘नूर’नंतर कोणी टीप घुसवली, की ती बाई ‘नूर’ म्हणून दुसरीच्या खात्यात शिरू शकत होती! ओळखपत्रावरची डिजिटल सही टिपा वगळून तपासली जाई, त्यामुळे टीप घुसवूनही ती खरीच ठरे.

उपाय साधा होता. टीप ओलांडून मजकुराची सगळी पाने जोडायची आणि मगच नाव वाचायचे. प्रोग्रॅम तसे दुरुस्तही झाले.

तेव्हा मंडळी, टीप खुशाल सोडून द्या, पण तिच्या पुढची ओळ सोडू नका.