एरंडेलाचा थर

1992 सालची गोष्ट. पुण्याच्या जुन्या बाजारात एका बुधवारी, गंजक्या कुलपांच्या आणि सायकलच्या पॅडलांच्या ढिगात मला मॉडेल विमानाचं माझं पहिलं इंजिन सापडलं. मुठीत लपेल एवढंसं. सगळ्या अंगावर चिकट, तपकिरी थर, जणू वरून काकवी ओतून उन्हात वाळवलंय. विकणाऱ्याच्या मते तो शिलाई मशीनचा भाग होता. माथ्यावरचा आडवा दांडा बघून मी काय ते ओळखलं आणि चेहऱ्यावर काही दिसू न देता त्याच्याशी पाच रुपयांसाठी भांडलो. एनसीसीच्या एअर विंगमध्ये असताना असलंच इंजिन बोटानं फिरवून चालू करायला शिकलो होतो. पंख्याचा फटका बसून तर्जनीवर पडलेली खूण अजून आहे.

त्या इंजिनाला आम्ही ‘डिझेल’ म्हणायचो. नाव फसवं आहे, कारण पंपावरचं डिझेल त्यात नसतंच. इथर, रॉकेल आणि एरंडेल, साधारण सारख्या भागांनी. प्लग नाही, बॅटरी नाही. सिलिंडरच्या वरच्या टोकाला आणखी एक छोटा पिस्टन घट्ट बसवलेला असतो. माथ्यावरचा दांडा पिळला की तो खाली सरकतो, जागा आक्रसते, हवा दाबून तापते आणि इथर पेटतं. इंजिन चालू असताना एका हातानं हा दांडा आणि दुसऱ्यानं इंधनाची नीडल फिरवत आवाज जुळवायचा. तंबोरा लावण्यासारखंच काम, फक्त वास दवाखान्याचा.

घरी आणल्यावर समजलं की माझं इंजिन मिल्सच्या वळणाचं आहे. मिल्सचं 1.3 सीसीचं डिझेल इंग्लंडमध्ये 1946 साली आलं आणि नंतरचं पाऊण सीसीचं धाकटं भावंड तर इतकं सरळ स्वभावाचं निघालं, की त्याच्या नकला देशोदेशी झाल्या. आपल्याकडे कोलकात्यालाही झाल्या, ‘ऑरोरा’ नावानं. आमच्या पिढीतल्या पुष्कळ पोरांचं पहिलं इंजिन ऑरोराच.

आता कबुली. ते पहिलं इंजिन मी मारलं. चिकटा जाईना म्हणून ओळखीच्या एका मेकॅनिकच्या सांगण्यावरून कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात टाकलं. पाणी फसफसायला लागलं तेव्हा मळ निघतोय म्हणून मी खूश. निघत होतं अॅल्युमिनियम. अर्ध्या तासानं बाहेर काढलं तर क्रँककेस काळीठिक्कर आणि अंगावर देवीचे वण. अजून ठेवलंय ते, डबा नंबर एकमध्ये.

तो थर असतो एरंडेलाचा. हे तेल भयंकर उष्णतेतही धातूवरून हटत नाही, म्हणून पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांतही तेच घालत. ‘कॅस्ट्रॉल’ हे नावसुद्धा एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच पडलं. पण जो गुण तोच दोष. वारंवार तापून ते भाजतं आणि त्याचं लाखेसारखं वार्निश होतं. इंजिन वीस वर्षं माळ्यावर पडलं की पिस्टन लायनरला असा चिकटतो, की नवशिक्याला वाटतं जाम झालं. तो एक्झॉस्टच्या खिडकीतून स्क्रूड्रायव्हर घालून पिस्टन ढकलायला जातो आणि तिथेच घात होतो. या छोट्या इंजिनांत बहुधा रिंगा नसतातच. पिस्टन आणि लायनर एकमेकांत घासून जुळवलेले असतात आणि एक ओरखडा पडला की दाब गेला. दाब गेलेलं डिझेल म्हणजे पेपरवेट.

माझी आजची पद्धत ठरायला दहा वर्षं लागली आणि त्यात अक्कल कमी, संयम जास्त. आधी हेअर ड्रायर. इंजिन हातात धरवेनासं झालं की थेंबभर पातळ तेल सोडायचं आणि पंखा लावून हळूच मागे-पुढे हलवायचं. सुटलं तर सुटलं, नाहीतर उद्या. मग सगळं खोलून प्लास्टिक, रबर आणि रंगीत भाग बाजूला. उरलेले धातूचे भाग मोटारीच्या रेडिएटरमधल्या कूलंटमध्ये बुडवून, मंद आचेच्या विजेच्या भांड्यात रात्रभर. उकळी येऊ द्यायची नाही. भांडं गॅलरीत, झाकण पक्कं, हातात मोजे. कूलंट चवीला गोड आणि जिवाला विष असतं आणि आमच्या सोसायटीत मांजरं बेसुमार. सकाळी तो थर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा सुटतो. जुन्या टूथब्रशनं घासताना क्रँककेसवर पुसट झालेली अक्षरं एकेक करून वर येतात. या घटकेसाठी मी अख्खा रविवार देतो. घरच्यांच्या मते हे माझं एरंडाचं गुऱ्हाळ. तेलाचं नाव बघता तक्रार करायला जागा नाही.

डिझेलांमागून ग्लो इंजिनं येत गेली. 1947 साली अमेरिकेत रे आर्डेन यांनी बाजारात आणलेल्या ग्लो प्लगनं सगळा खेळच सोपा केला होता. प्लॅटिनमच्या तारेचं बारीक वेटोळं सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलवर तापवायचं. पुढे मेथॅनॉलच ते धगधगतं ठेवतं, सेल काढून घ्या. माझ्याकडे ओसाकाची ओएस आली, टोकियोची एन्या आली, कॅलिफोर्नियाचं अंगठ्याएवढं कॉक्स आलं. यांचा रोग निराळा. मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. उडवून झाल्यावर तेल न घालता तसंच ठेवलेलं इंजिन आपल्या एका पावसाळ्यात आतून गंजतं. वरून लख्ख आणि पंखा फिरवला की बेअरिंगमध्ये वाळू भरल्यासारखी करकर. अशी मी पुष्कळ घेतली आहेत, डोळे उघडे ठेवून फसलो आहे.

2005 च्या आसपास माल अचानक वाढला. लिथियमच्या बॅटऱ्या आणि ब्रशलेस मोटारी आल्या, तेल नाही, धूर नाही, शेजाऱ्यांची कटकट नाही. लोकांनी इंजिनं खोक्यात भरून काढून टाकली. संग्रह करणाऱ्याला दिवाळी. उडवणारा म्हणून मात्र मैदानावर एकटं वाटायला लागलं, हेही खरं.

सुट्या भागांविषयी बोलायचं तर नीडलवर वेगळा लेख होईल. इंजिनातून बाहेर डोकावणारा हा नाजूक भाग, विमान आपटलं की पहिला वाकतो आणि हरवतोही पहिला. दर कंपनीचे आटे वेगळे. ब्रिटिश इंजिनांत बीए आटे, अमेरिकनांत इंची, जपान्यांत मेट्रिक. आपल्याकडे बीएचा स्क्रू मिळाला नाही की हाताला लागेल तो मेट्रिक स्क्रू पक्कडीनं दाबून पिळायचा, ही जुनी रीत. माझ्या निम्म्या ब्रिटिश इंजिनांना असले बळजबरीचे जावई आहेत. आटे गेलेलं एकेक भोक मी भोसरीच्या एका लेथवाल्याकडे नेतो. तो दरवेळी विचारतो, “यातून मिळतं काय?” आणि पैसे घ्यायला विसरतो.

चकाकी मला आता सोसत नाही. पहिली काही वर्षं पॉलिश मारून इंजिनं आरशासारखी करायचो. ती सगळी एकसारखी दिसतात, दुकानातल्या चमच्यांसारखी. हल्ली आतून पूर्ण साफ आणि बाहेरून थोडा डाग, एवढ्यावर हात थांबवतो.

त्याचं कारण एक ऑरोरा. 2011 मध्ये एका भंगारवाल्याकडून पोत्यातल्या मालासकट आली. बुडाशी, बोल्ट लावायच्या कानापाशी, थर सुटल्यावर टोकदार खिळ्यानं कोरलेले आकडे दिसले: 17. पुढे ‘हात लावू नये’, वेडंवाकडं, ‘हा’चा काना पुढच्या भोकात पडलेला. बहुधा कुठल्या तरी कॅडेटचा रोल नंबर. दाब अजून खणखणीत आहे, पंखा फिरवला की बोटाला मागे फेकते. फक्त नीडल मूळची नाही, कुणीतरी सायकलच्या स्पोकमधून घासून केलेली. बदलायला हवी असं दर वर्षी म्हणतो. मागच्या बुधवारी जुन्या बाजारात अगदी बरोबर आट्याची नीडल मिळाली. आणली, पुसली आणि ऑरोराशेजारी डब्यात ठेवली.