आडसाली घर तगेल काय?

२०२० साली टाळेबंदी लागली आणि मुंबई-पुण्याहून असंख्य कुटुंबे गावाकडे परतली. संकटकाळी आपले गाव आपल्याला पोसू शकेल काय, हा जुना प्रश्न त्या वेळी पुन्हा उभा राहिला. बुलढाणा जिल्ह्यापुरता तरी त्याचा विचार निर्विकारपणे व्हावयास हवा.

प्रदेशाची योग्यता केवळ पर्जन्यमानावरून ठरत नाही. कोकणात पाऊस उदंड. तथापि उन्हाळ्यात तेथील कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडातील नारळी-पोफळीच्या बागा एका दिवसात आडव्या केल्या. बुलढाण्याला समुद्राचे भय नाही. येथील संकट सावकाश येते. ते पाण्याचे आहे.

हा जिल्हा वस्तुतः दोन जिल्ह्यांचा मिळून झाला आहे. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात जमीन काळी व खोल. परंतु खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी ना पिण्याच्या कामाचे, ना ओलिताच्या. घाटावर पाणी गोडे, पण पुष्कळ ठिकाणी जमीन हलकी व उताराची. पैनगंगा येथेच उगम पावते आणि गोदावरीच्या खोऱ्याकडे वळते. पूर्णा तापीला मिळते. एकाच जिल्ह्यातील पाऊस असा दोन समुद्रांकडे निघून जातो. तो अडविण्याची जाण पूर्वजांना होती, याची साक्ष सिंदखेडराजाचा मोती तलाव देतो. २०१८ साली जिल्ह्यात तलावांतील गाळ काढण्याची मोठी मोहीम झाली, तिचे मोल याच कारणासाठी मोठे आहे.

परंतु पाणी अडले म्हणजे घर सावरले, असे नव्हे. ज्वारी हे येथील जुने पीक. तिने माणसाला भाकर दिली, गुरांना कडबा दिला आणि उरलेले धान्य पेवात व कणगीत आडसालासाठी राहिले. आज तिच्या जागी बहुतांशी सोयाबीन उभे आहे. ज्वारी सोडणाऱ्या शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. तिला भाव नाही, पाखरे व रानडुकरे पीक राहू देत नाहीत, कापणी-मळणीला मजूर मिळत नाहीत. तथापि परिणाम टळत नाही. सोयाबीनची पोती घरात रचलेली असली तरी त्यांची भाकरी होत नाही. ती विकून धान्य आणावे लागते, आणि भाव कोसळला की शेतकरीच धान्याचा गिऱ्हाईक म्हणून हतबल होतो.

म्हणून बुलढाण्याची भूमी स्वावलंबी जीवनास अयोग्य नाही. अयोग्य ठरली आहे ती आपली पीकरचना. प्रत्येक शिवारात थोडी जमीन ज्वारी, तूर व हरभऱ्यासाठी राखली जावी, शासनाने ज्वारीची खरेदी वेळेवर करावी आणि रानडुकरांचा बंदोबस्त कागदावर राहू नये. जे घर वर्षभराचे धान्य स्वतःच्या शेतातून आणते, त्यालाच आडसाली तग धरता येईल.