गोळीबरोबर चार शब्दही हवेत

आमच्या एका सहकाऱ्यांच्या पत्नीवर केमोथेरपीचे उपचार झाले. सलाइनमधून औषध देऊन त्याच सायंकाळी त्यांना घरी पाठविण्यात आले. पहिला दिवस बरा गेला, म्हणून मळमळीच्या उरलेल्या गोळ्या त्यांनी घेतल्या नाहीत. त्यांतील एक गोळी मनोविकारावरील आहे असे कळताच घरच्यांनीच ती बाजूला ठेवली. तिसऱ्या दिवशी ओकाऱ्यांनी गळून जाऊन त्या पुन्हा रुग्णालयात दाखल झाल्या.

दोष रुग्णाचा खचित नव्हे. सिस्प्लॅटिनसारख्या औषधाने होणारी मळमळ पहिल्या चोवीस तासांनंतर पुन्हा उसळते आणि काही दिवस टिकते. म्हणून तिच्यावरील औषधे उलटी होण्यापूर्वीच, ठरवून दिलेल्या दिवसांपर्यंत घ्यावयाची असतात. ओलान्झापिन हे मूळचे मनोविकारावरील औषध. पण ही मळमळ रोखण्यात ते गुणकारी ठरले आहे. त्याने गुंगी येते हे खरे; परंतु मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहाऐवजी अडीच मिलिग्रॅमची मात्रा कमी पडली नाही, आणि गुंगीही कमी आली.

हे सारे रुग्णाच्या घरापर्यंत पोचवावयाचे कोणी? गर्दीने वेढलेल्या डॉक्टरांना सवड नसते. घरी परतण्यापूर्वी रुग्णाला भेटणारा शेवटचा जाणकार म्हणजे फार्मासिस्ट. १९४८ च्या कायद्याने औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टला दिला. २०१५ च्या नियमांनी रुग्णाला समजावून सांगण्याचे कर्तव्यही त्याच्यावर सोपविले. प्रत्यक्षात मात्र बहुधा खिडकीतून पाकीट सरकते आणि पुढच्या नावाचा पुकारा होतो.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला याचे कारण उघड दिसते. गोळीला किंमत आहे, सल्ल्याला नाही; आणि ज्याचे मोल मिळत नाही, त्याचा पुरवठाही होत नाही. उलट्यांना भिऊन रुग्णाने पुढची केमोथेरपी टाळली, तर होणारे नुकसान मात्र कोणाच्याच हिशेबवहीत नोंदले जात नाही.

यासाठी रुग्णालयांनी उपचाराच्या खर्चातच फार्मासिस्टच्या मार्गदर्शनाचे शुल्क धरावे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या दरांतही त्याला स्थान द्यावे. कोणती गोळी कोणत्या दिवशी, कशासाठी, आणि पाणीही पोटात ठरेनासे झाले तर कोणाला कळवावे, हे मराठीत लिहिलेला एक कागद प्रत्येक रुग्णाच्या हाती पडावा. तिसऱ्या दिवशी एक दूरध्वनी व्हावा.

ओकाऱ्या सोसणे हा उपचाराचाच भाग आहे, ही समजूत आता सोडून दिली पाहिजे. त्या बहुतांशी टाळता येतात. टाळण्याचा मार्ग मात्र कोणीतरी वेळेवर सांगावा लागतो.