संशोधन अनुदाने व अधिछात्रवृत्त्या : शोध कोठून सुरू करावा?

प्रास्ताविक

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लघु व बृहत् संशोधन प्रकल्प योजना बाराव्या पंचवार्षिक योजनेबरोबर २०१७ मध्ये संपुष्टात आल्या. तोपर्यंत आपल्या महाविद्यालयांत ‘संशोधनासाठी अनुदान’ म्हटले की तीच योजना डोळ्यांसमोर येई. परिपत्रक कार्यालयात येत असे, ते सूचना फलकावर लागे, विहित नमुन्यातील अर्ज भरून त्यावर प्राचार्यांची स्वाक्षरी घेतली जाई आणि लघु प्रकल्पाचा प्रस्ताव पुण्यातील विभागीय कार्यालयाकडे रवाना होई. २०१० च्या विनियमांनी शैक्षणिक कामगिरी निर्देशांक आणला, प्रकल्पांना गुण मिळू लागले आणि अर्जांची संख्या वाढली. योजना थांबली तेव्हा मात्र अनेक सहकाऱ्यांनी असा समज करून घेतला की आता अनुदानेच थांबली.

हा समज बरोबर नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. निधी आजही आहे. परंतु तो एका ठिकाणी नाही आणि तो सूचना फलकावर येत नाही. या बदलाची खरी किंमत मोठ्या विद्यापीठांतील विभागांनी मोजलेली नाही. ती तालुक्याच्या ठिकाणी कला शाखेत शिकविणाऱ्या, ज्याच्या परिसरात मोडी कागदांची दप्तरे, महानुभावीय पोथ्या, ओव्या वा दशावतारी मंडळींच्या आठवणी अजून शिल्लक आहेत, अशा अध्यापकाने मोजली आहे. त्याला प्रवासभाडे, ध्वनिमुद्रणाचे साधन आणि चार महिन्यांची सवड एवढेच हवे असते. ते मिळाले नाही तर काम पुढे ढकलले जाते, आणि दरम्यान सांगणारी माणसे निघून जातात. म्हणून कोणत्या योजना आहेत याची केवळ यादी देण्यापेक्षा शोध कोठून सुरू करावा, याचा विचार येथे केला आहे.

दक्षिणेचा धडा

विद्येसाठी सार्वजनिक पैसा ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. दाभाड्यांनी तळेगावी सुरू केलेला श्रावणातील दक्षिणेचा प्रघात पुढे पेशव्यांनी पुण्यास नेला. १८१८ नंतर इंग्रजांनी हा खर्च एकदम बंद केला नाही. त्यातील काही भाग १८२१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळविला. १८४९ मध्ये पुण्यातील सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला की, या रकमेतील काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांस द्यावा. त्यातून १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी आली. न्या. रानडे व डॉ. रा. गो. भांडारकर हे दोघेही पुढे ‘दक्षिणा फेलो’ झाले.

मात्र याच कमिटीकडे १८५५ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक पाठविले आणि ते स्वीकारले गेले नाही. कमिटीतील सभासदांच्या आग्रहामुळे असे घडले, हे फुल्यांनी स्वतः नमूद करून ठेवले आहे. नाटक छापून वाचकांसमोर यावयास शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. मराठीतील अनुदानाच्या इतिहासाच्या आरंभीच एक नामंजूर अर्ज आहे आणि नामंजूर झालेली कृती मंजूर झालेल्या बहुतेक कृतींपेक्षा मोठी ठरली, ही गोष्ट अर्ज करणाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगी आहे. परंतु या इतिहासातून निघणारा दुसरा मुद्दा अधिक व्यावहारिक आहे. पैसा तोच राहिला, पण त्याचे प्रयोजन बदलले तेव्हा तो वेगळ्या माणसांना मिळाला. कोणताही निधी प्रथम त्याच्या प्रयोजनावरून वाचावा लागतो. रक्कम नंतर पाहावी.

निधीचे प्रवाह

प्रयोजनाच्या दृष्टीने पाहिले असता निधीचे तीन प्रकार दिसतात : काही निधी प्रकल्पासाठी असतो, काही व्यक्तीसाठी आणि काही स्थळासाठी. आपल्या गरजेचे स्वरूप कोणते, हे ज्याने ठरविले नाही त्याचे बहुतेक अर्ज चुकीच्या दारात जातात.

प्रकल्पाच्या निधीत सामाजिक शास्त्रांसाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद (स्थापना १९६९) व इतिहासासाठी भारतीय इतिहास अनुसंधान परिषद (स्थापना १९७२) या प्रमुख संस्था होत. पहिल्या परिषदेचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या विद्यानगरी परिसरात आहे. विज्ञान शाखेतील अध्यापकांना परिचित असलेले विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ आता स्वतंत्रपणे अस्तित्वात नाही; २०२३ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात ते विलीन झाले आणि तो अधिनियम ५ फेब्रुवारी २०२४ पासून अमलात आला. मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे यांचा विज्ञान-तंत्रज्ञानाशी जेथे संबंध येतो, तेवढा भागही या प्रतिष्ठानाच्या कक्षेत घेतलेला आहे. मोडी लिपीचे संगणकीय वाचन, पाणीवाटपाच्या पारंपरिक पद्धती अशा विषयांवर भाषा वा इतिहासाच्या अध्यापकाने विज्ञान शाखेतील सहकाऱ्यासह विचार करण्यास येथे वाव दिसतो. राज्यातील काही विद्यापीठेही स्वतःच्या निधीतून शिक्षकांना लहान प्रकल्प देत आली आहेत. रक्कम अल्प असते, परंतु पहिल्या प्रस्तावासाठी याहून चांगली तालीम नाही.

व्यक्तीसाठी असलेल्या निधीकडे आपले अध्यापक सर्वांत कमी वळतात, आणि नेमका तोच सर्वांत मोकळा आहे. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या वरिष्ठ व कनिष्ठ अधिछात्रवृत्त्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्रामार्फत दिल्या जातात. वरिष्ठ अधिछात्रवृत्ती चाळिशी ओलांडलेल्यांसाठी असून दरमहा २०,००० रुपये, तर कनिष्ठ अधिछात्रवृत्ती २५ ते ४० वयोगटासाठी असून दरमहा १०,००० रुपये अशी योजना आहे. दोहोंची मुदत दोन वर्षे. लोककला, पारंपरिक व देशी कला आणि साहित्य यांचा त्यात समावेश होतो. १८ ते २५ वयाच्या कलावंतांसाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे. आपल्या महाविद्यालयात तबला वा कथक शिकणारा विद्यार्थी असेल तर त्याला हे सांगणे हे आपलेच काम आहे. बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही १९९३ मध्ये स्थापन झालेली खासगी संस्था १९९५ पासून कलाविषयक संशोधनास व प्रत्यक्ष कलानिर्मितीस अनुदान देते आणि प्रस्ताव कोणत्याही भारतीय भाषेत स्वीकारते. बहुतांश राष्ट्रीय संस्थांचे अर्ज इंग्रजी वा हिंदीतच मागविले जात असता ही सवलत लहान नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेमुळे कित्येक मराठी लेखकांचे पहिले पुस्तक निघाले आहे. तिचाही समावेश याच वर्गात करावा.

व्यक्तीला मिळणाऱ्या निधीचा आणखी एक विशेष आहे. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियमाच्या कलम १२(ब) खाली आपले महाविद्यालय आहे की नाही, हा प्रश्न तेथे सहसा उद्भवत नाही. विनाअनुदानित महाविद्यालयांत किंवा तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकविणाऱ्या अध्यापकांसाठी ही बाब निर्णायक आहे. पात्रता परीक्षा उत्तीर्ण, पीएच.डी. प्राप्त, परंतु कायम नियुक्ती नसल्यामुळे प्रकल्पाचा अर्ज अग्रेषित होत नाही, अशी मंडळी प्रत्येक जिल्ह्यात आहेत. व्यवस्थेने त्यांच्यावर केलेल्या अन्यायाची भरपाई एखादी अधिछात्रवृत्ती करू शकत नाही. तथापि निदान काम तरी थांबत नाही.

पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय पातळीवरील कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. राज्यात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा व कुणबी समाजांसाठी सारथी, इतर मागास व भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठी महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. लाभार्थींची संख्या, निकष आणि लाभ कोणत्या तारखेपासून लागू व्हावा, यांवरून वेळोवेळी आंदोलने झाली आहेत. म्हणून मागील वर्षीच्या जाहिरातीवर विसंबून विद्यार्थ्याला सल्ला देऊ नये. अल्पसंख्याक समाजांतील संशोधकांसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २०२२-२३ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली, तरी तिचे नाव अजून माहितीपत्रकांत आढळते.

स्थळासाठीच्या निधीत प्रथम सिमल्याच्या भारतीय उच्च अध्ययन संस्थेचा उल्लेख करावा लागेल. १९६५ मध्ये डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्घाटन झालेली ही संस्था व्हाइसरॉयच्या जुन्या निवासस्थानी आहे. तेथे राहून ग्रंथ पूर्ण करणे अपेक्षित असते. ब्रिटनमधील ग्रंथालये, संग्रहालये वा कलाशिक्षण यांसाठी १९८१ मध्ये स्थापन झालेला चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट हे प्रयोजन वाचण्याचे उत्तम उदाहरण होय. कलकत्त्यात व्यापार करून धनिक झालेल्या आणि १९१६ मध्ये निधन पावलेल्या एका इंग्रज व्यापाऱ्याच्या इस्टेटीतून तो आला. त्याचा भर कला, वारसा आणि मानव्यविद्यांवर आहे. अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने तेथे केलेला अर्ज कितीही उत्तम असला तरी तो वाया जाणार. अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू अधिछात्रवृत्त्या आहेत. २००८ पासून त्यांच्या खर्चात भारत सरकार बरोबरीचे भागीदार झाले.

प्रस्तावाचे लेखन

प्रस्तुत लेखकाचा पहिला प्रस्ताव परत आला होता. विषय जिल्ह्यातील अप्रकाशित हस्तलिखितांचा होता आणि आपण फार महत्त्वाचे काही करीत आहोत, अशी खात्री होती. परीक्षकाचा अभिप्राय दोनच ओळींचा होता. विषयाचे महत्त्व मान्य आहे, परंतु अर्जदार नेमके काय करणार हे कळत नाही, असा त्याचा आशय. काही दिवस राग आला. नंतर प्रस्ताव पुन्हा वाचला तेव्हा अकरा पानांपैकी नऊ पानांत हस्तलिखितांची थोरवी असल्याचे आढळले.

आपल्याकडील बहुतेक प्रस्तावांचा दोष हाच आहे. ‘मराठी लोकसाहित्य : एक चिकित्सक अभ्यास’ या शीर्षकाखाली काहीही मावते, म्हणून परीक्षकाला त्यातून काहीच दिसत नाही. (या नियतकालिकाच्या मागील अंकांतही ‘एक चिकित्सक अभ्यास’ विपुल आहेत, लेखकाचे स्वतःचे दोन त्यांत असावेत.) याउलट, अमुक तालुक्यातील इतक्या गावांत जात्यावरील ओव्या म्हणणाऱ्या साठीच्या पुढील स्त्रियांकडून ओव्या ध्वनिमुद्रित करणे, त्यांत दुष्काळाचे उल्लेख कसे येतात हे पाहणे आणि ध्वनिमुद्रणे विशिष्ट ग्रंथालयात ठेवणे, असे लिहिले की खर्चाचे अंदाजपत्रक जवळजवळ आपोआप तयार होते. गावांची संख्या ठरली की फेऱ्या ठरतात, फेऱ्या ठरल्या की भाडे ठरते. ज्या प्रस्तावात अंदाजपत्रक मजकुरातून निघत नाही, तेथे ते कल्पनेने भरलेले आहे हे अनुभवी परीक्षक तत्काळ ओळखतो.

कलावंतांच्या बाबतीत अडचण उलट आहे. त्यांचे काम ठोस असते, परंतु ते शब्दांत मांडण्याची सवय नसते. एखाद्या दशावतारी नटाला ‘संशोधनाची उद्दिष्टे’ लिहावयास सांगणे म्हणजे त्याची चेष्टाच होय. येथे महाविद्यालयीन अध्यापकाने लेखनिकाची भूमिका घ्यावी, सहलेखकाची नव्हे. अर्ज त्याच्या नावे, पैसा त्याच्या खात्यात आणि श्रेयही त्याचे, हे आरंभीच स्पष्ट असावे. तसे न झाल्याची उदाहरणे आपल्या सर्वांना ठाऊक आहेत.

मंजुरीनंतर

अधिछात्रवृत्ती म्हणजे करार असतो. १९१३ मध्ये बडोदा संस्थानाने डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठातील अध्ययनासाठी दरमहा साडेअकरा पौंड तीन वर्षांकरिता दिले, तेव्हा त्यानंतर संस्थानाची दहा वर्षे नोकरी करण्याची अट होती. १९१७ मध्ये मुदत संपताच लंडनमधील अध्ययन अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. ते पुन्हा सुरू होण्यास १९२० उजाडले. निधीची मुदत आणि कामाची मुदत क्वचितच जुळतात. म्हणून रजा, अहवालांच्या तारखा, प्रकाशनाचा हक्क आणि काम अपुरे राहिल्यास रक्कम परत करण्याची अट ही चार कलमे स्वीकृतिपत्रावर स्वाक्षरी करण्यापूर्वी वाचावीत.

हिशेबाच्या बाबतीत आपण विशेष निष्काळजी असतो. केंद्रीय अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील १२-अ या नमुन्यात, सर्वसाधारणपणे आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत द्यावयाचे असते. अनेक कार्यालयांत अजून जुना १९-अ हा नमुना भरून पाठविला जातो आणि तो परत आला की प्रकल्पाचा पुढील हप्ता अडकतो. संशोधकाने काम चोख केलेले असते. अडतो तो कागद. त्यातून जुन्या प्रकल्पाचा हिशेब पूर्ण झालेला नसेल तर त्याच महाविद्यालयातील दुसऱ्या, संबंध नसलेल्या अध्यापकाचा नवा प्रस्तावही अडचणीत येऊ शकतो.

लेखकाच्या परिचयाच्या एका महाविद्यालयात हे काम ग्रंथपालांनी स्वतःहून अंगावर घेतले. ग्रंथालयात एक जाड नोंदवही असते. प्रत्येक योजनेसाठी एक पान, त्यावर मागील तीन वर्षांत जाहिरात कोणत्या महिन्यात आली त्याची नोंद, आणि पाठीमागे २(फ) व १२(ब) ची प्रमाणपत्रे, लेखापरीक्षण अहवाल व संस्थेच्या पॅन क्रमांकाच्या प्रती लावलेल्या. जाहिरात येण्यापूर्वी महिनाभर आधी संबंधित विभागास चिठ्ठी जाते. परत आलेले प्रस्तावही परीक्षकांच्या अभिप्रायासह त्याच कपाटात आहेत आणि नवा अर्ज लिहिणारे अध्यापक प्रथम तेच मागतात.